फेनविक नावाचा माणूस

७ ऑक्टोबर १९६३, सोमवार

काम मिळालं. एवढं लिहून मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसलो.

शेहेचाळिसाव्या वर्षी पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आजवर मी दुधाच्या बाटल्या कशा भरतात, पूल कसे बांधतात, लोकरीला कसर कशी लागते, असल्या माहितीपटांना संगीत दिलं. साबण, बिस्किटं, पायमोजे यांच्या जाहिराती केल्या. टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमाची धून माझी आहे. आमच्या गल्लीतली पोरं ती माझ्याच घरासमोर शिट्टीवर वाजवतात आणि ती कुणाची हे त्यांना ठाऊक नसतं. मला वाईट वाटत नाही असं मी म्हणतो. ते पूर्ण खरं नाही.

नेस्टाला सांगितलं. ती शाळेतून येऊन बूट काढत होती. म्हणाली, "म्हणजे आता लोक एका जागी बसून तुझं संगीत ऐकणार. एवढे दिवस तुझं वाजायला लागलं की चहा टाकायला उठायचे."

मग तिनं मला मिठी मारली आणि लगेच दूर ढकललं. "छाती किती घरघरतेय तुझी! डॉक्टरकडे गेलास का?"

गेलो नव्हतो. सर्दी आहे, दुसरं काही नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

सोहोमध्ये संकलनाच्या खोलीत चित्रपट पाहिला. अजून कच्चा आहे. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. दिग्दर्शक डेस्मंड किल्व्हर्ट एकतीस वर्षांचा आहे. गळ्यात मफलर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला 'तुम्ही' म्हणतो, पण धाकट्या भावाला समजवावं तसं बोलतो. संकलक विन टास्कर साठीच्या आसपासची, ओठात सिगरेट, मांडीवर विणकाम. भेटेल त्याला 'राजा' म्हणते.

एक प्रसंग सोडला तर सगळं माझ्या आवाक्यातलं आहे. नवऱ्याची रिकामी होडी सापडल्याचं त्या बाईला धक्क्यावर कळतं. ती काही बोलत नाही. सगळं गाव ओलांडून घरी येते आणि चुलीवर किटली ठेवते. पाचेक मिनिटं संवाद नाही, फक्त चालणं.

माझं संगीत यायच्या आधी कामचलाऊ म्हणून विननं त्या चालण्याखाली कुठलीशी तबकडी लावली होती. तसं सगळेच संकलक करतात. नुसती मुकी चित्रं बघवत नाहीत.

मी ऐकलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली.

फार संथ. खोल. सूर खाली उतरताना मधेच थांबतो, जणू काहीतरी विसरलंय, आणि मग तसाच खाली जातो. तंतुवाद्यांचे स्वर म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे थरथरतात. असं वाजवायला आपल्याकडे कुणी शिकवत नाही. शेवटी किटली चुलीवर टेकते तेव्हा एक आवाज येतो. भरतीच्या वेळी जुन्या गलबताची लाकडं कण्हावीत तसा.

डेस्मंडनं यंत्र थांबवलं. "हेच हवंय मला. म्हणजे हेच नको, हे दुसऱ्याचं आहे. पण हेच."

"कुणाचं आहे?"

"लायनेल फेनविक नावाच्या कुणाचं तरी," विन म्हणाली. "तयार संगीत भाड्यानं देणाऱ्या कंपनीची तबकडी होती, राजा. परत गेली."

हे नाव मी कधीच ऐकलेलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

एक गोष्ट काल लिहायची राहिली. राहिली नाही, टाळली. निघताना निर्मात्यानं मला जिन्यात गाठलं. अतिशय गोड बोलला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी 'ते चालणं' जमलं नाही तर सगळ्याच चित्रपटाचं संगीत दुसऱ्या कुणाकडून करून घेणार आहे. कुणाकडून तेही त्यानं सांगितलं. बक्षिसं मिळवलेला माणूस आहे. "तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही बरं का," असंही म्हणाला.

काढून टाकलेल्या संगीतकाराला या धंद्यात पुन्हा कुणी बोलवत नाही. मी उरलेलं आयुष्य बाहुल्यांबरोबर काढीन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चार मसुदे केले, चारही फाडले. सगळे फेनविकसारखे आणि फेनविकपेक्षा वाईट.

या माणसाचा मला हेवा वाटतो का? वाटतो. पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं. कुठे शिकला असेल? इंग्रज वाटतच नाही. नावावर जाऊ नये. मला वाटतं, युद्धात घरदार सोडून आलेला, मध्य युरोपातला कुणीतरी असावा. त्यानं त्या बाईचं दुःख रंगवलेलं नाही, ते तिच्या बाजूनं नुसतं चालत राहतं. माझ्या मसुद्यांमध्ये मी प्रत्येक पावलाला 'बघा, किती दुःख' म्हणतोय.

आठवलं तेवढं नेस्टाला पियानोवर वाजवून दाखवलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे. तुझ्यासारखंच."

"माझं नाही हे. फेनविकचं."

"बरं. शेवटी तो छत्री विसरल्यासारखा थबकतो ना, तसं तूही करतोस, म्हणून म्हटलं."

मी काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. माझं थबकणं म्हणजे धांदल. त्याच्या थबकण्यात विचार आहे. पण बायकोला हे समजावण्यात अर्थ नसतो. तिचं प्रेम मधे येतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

तो शेवटचा आवाज कुठल्या वाद्याचा?

दुपारी सिरिलला पबमध्ये गाठलं. सिरिल बासून हे घोगऱ्या आवाजाचं लांब फुंकवाद्य वाजवतो, माझा कॉलेजपासूनचा मित्र. माझ्या बहुतेक सगळ्या पुलांना आणि बिस्किटांना त्याचाच बासून आहे. मी तोंडानं आवाज काढून दाखवला.

"हा बासून नाही, ही म्हैस आहे," तो म्हणाला.

"नीट ऐक रे." मी पुन्हा काढला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आपला ग्लास उचलला आणि ती लांब जाऊन बसली.

"मोठा ढोल आणि त्यावर ओली चामड्याची पट्टी घासली तर?" मी विचारलं. "आणि हा फेनविक आहे तरी कोण?"

"कुणीच नाही. अरे, ती नावं कंपन्या ठेवतात. इथल्या वादकांच्या संघटनेला तयार संगीत मान्य नाही, म्हणून परदेशात जाऊन चोरीछुपे मुद्रण करायचं आणि वर खोटी नावं लावायची. तूही गेला होतास की ब्रसेल्सला! तुझं काय नाव ठेवलं होतं?"

"त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तबकड्यासुद्धा कधी बघितल्या नाहीत."

आठवणही फारशी उरलेली नाही. अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. लग्न नुकतंच झालेलं, घराचं भाडं थकलेलं. सकाळी लिहायचं, दुपारी वादकांसमोर उभं राहायचं. यादीतून विषय यायचे: गजबजलेला रस्ता, आनंदी कारखाना, घोड्यांची शर्यत. मला सडकून ताप होता. सगळं कसं टणाटण उड्या मारत होतं एवढं लक्षात आहे. त्या आठवड्यात मी संगीत लिहिलं असं म्हणणं म्हणजे संगीताचा अपमान.

पण सिरिलच्या बोलण्यामुळे नवीन विचार आला. म्हणजे फेनविकही असाच कुठेतरी, भाड्याच्या काळजीत, यादीतला विषय घेऊन बसला असेल. विषय काय असेल? 'शोक'? 'बुडालेलं जहाज'? आणि तेवढ्यात त्याला हे सुचलं! मला अशा वेळी काय सुचलं होतं?

२१ ऑक्टोबर, सोमवार

बाकीचा चित्रपट लिहून झाला. बंदर, जत्रा, भांडण, सगळं. चांगलं झालंय, असं मला वाटतं. मग शंका येते की फेनविकच्या धाकानं चांगलं झालंय. 'ते चालणं' कोरं.

मोठ्या ढोलावर ओलं चामडं घासून पाहिलं. सिरिल म्हणाला, म्हैस निदान जिवंत वाटत होती.

विनला फोन करून विनवलं: ती मूळ तबकडी एकदा परत मागव. यंत्राच्या त्या डबड्या कर्ण्यावर काही कळत नाही. चांगल्या यंत्रावर ऐकलं तर निदान वाद्य ओळखता येईल. तिनं आढेवेढे घेतले. "कशाला दुखऱ्या दातावर जीभ फिरवतोस, राजा?" मग तयार झाली.

रात्रभर खोकून नेस्टाला झोपू दिलं नाही. सकाळी ती म्हणाली, "एडमंड, जहाजाशी लग्न केल्यासारखं वाटतंय मला. नुसतं करकरतंय." आजपासून लिंबू, मध आणि तिच्या वेल्श आईचं कसलंसं काळं औषध.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हे जसं घडलं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

विनच्या खोलीत तबकडी आली होती. जुन्या पद्धतीची, जड, भरभर फिरणारी. तिनं यंत्रावर ठेवली. मी वही-पेन्सिल घेऊन डोळे मिटले.

जे वाजायला लागलं ते ऐकून मी डोळे उघडले. टकटक, टकटक, उड्या मारणाऱ्या बासऱ्या, चुरचुरीत व्हायोलिनं. एखाद्या हसऱ्या जाहिरातीसारखं.

"चुकीची तबकडी आणलीस."

"हीच आहे." तिनं लेबल वाचलं. "'टायपिस्ट मुली, सकाळची वेळ'. लायनेल फेनविक." मग तिची सिगरेट ओठांवरच थांबली. "अरे देवा. मागच्या खेपेला यंत्र नव्या तबकड्यांच्या संथ वेगावर राहिलं असणार. मला आपलं वाटलं, काय गंभीर चीज मिळाली! लेबल कोण बघतंय, आणि प्रसंगाला लांबीही बरोबर बसली."

माझा मध्य युरोपातला निर्वासित, त्याचा थरथरता म्हातारा हात, सगळं टायपिस्ट मुलींच्या टाचांखाली चिरडत होतं. तुकडा संपत आला. सूर खाली उतरला, छत्री विसरल्यासारखा थबकला, धावत खाली गेला. आणि अगदी शेवटी, वाद्यं थांबल्यावर, एक छोटासा आवाज आला.

खोकला.

"कुणीतरी खोकलंय रे," विन म्हणाली.

तेवढ्यात मलाही ढास लागली. काळ्या औषधानं अजून काही फरक पडलेला नाही. मी रुमाल तोंडाशी धरून खोकलो. थांबलो तेव्हा विन आधी तबकडीकडे आणि मग माझ्याकडे बघत होती. तिनं सुई उचलून पुन्हा शेवटच्या जागेवर ठेवली. खोकला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आता तू."

सूर मी ओळखला नाही. खोकला ओळखला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नेस्टाला सांगितलं. ती एवढी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "दोन आठवडे स्वतःवर जळत होतास!"

"पण ते माझं नाहीच. मी टायपिस्ट मुली लिहिल्या. ते चालणं यंत्रानं लिहिलं, विनच्या चुकीनं लिहिलं."

"मग खोकला कुणाचा?"

पण प्रश्न संपलेले नाहीत. कंपनीनं तो तुकडा कायमचा विकत घेतलेला आहे. तोच पुन्हा लिहिणं ही चोरी, स्वतःच्याच घरात असली तरी. आणि डेस्मंडला सांगायचं का? विन म्हणते, अजिबात नको. "दिग्दर्शकांना माहिती देऊ नये, राजा, त्यांना ती पचत नाही." सांगितलं नाही तर निदान 'फेनविकच्या तोडीचं कुणालाच जमणार नाही' असं म्हणता येईल. सांगितलं तर मी त्याचा सगळ्यात आवडता क्षण मोडणार. पण तो माझ्यावर विसंबून आहे. आणि मला हे पोटात ठेवून त्याच्यासमोर उभं राहता येणार नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

स्टुडिओच्या उपाहारगृहात सांगितलं. डेस्मंडपुढे सॉसेज आणि उकडलेले बटाटे होते. ते गार झाले.

"थट्टा करताय."

"नाही."

"टायपिस्ट?"

"मुली. सकाळची वेळ."

त्यानं तोंड हातांनी झाकलं. मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, "तुम्ही मला हे सांगायलाच नको होतं. आता त्या बाईला चालताना पाहिलं की मला टाइपरायटर ऐकू येणार. सगळं मारून टाकलंत." थोड्या वेळानं बटाट्यात काटा खुपसून तो विचारायला लागला, "आणि तो शेवटचा आवाज?"

"माझा खोकला."

"तो तरी ठेवा हो," तो अगदी कळवळून म्हणाला. "दुसरं काहीही करा, पण तो मला हवाच."

मी घरी येताना बसमध्ये विचार करत होतो: मी प्रामाणिकपणे सांगितलं, की फेनविकला मारायला सांगितलं? दोन्ही असेल. मात्र घरी आल्यावर पियानोसमोर पहिल्यांदाच कुणी माझ्या आधी येऊन बसलेलं नव्हतं.

३० ऑक्टोबर, बुधवार

एक गोष्ट लक्षात आली. ती इतकी सोपी आहे की मला तिचा संशय येतो.

ब्रसेल्समध्ये मी दुःख लिहीतच नव्हतो. सकाळी कामाला निघालेल्या मुली लिहीत होतो. म्हणून ते ऐकताना कुणी दुःख दाखवतंय असं वाटत नव्हतं. एक साधी सकाळ होती, फक्त तिला पुढे जाता येत नव्हतं.

त्या बाईची सकाळ कशी असती? होडी परत आली असती तर? ती मासळीची टोपली घेऊन घाईघाईनं घरी आली असती, वाटेत कुणाशी तरी भांडली असती, किटली ठेवली असती. मी ती सकाळ लिहिली. दुपारच्या चहाआधी संपली. खोडाखोड नाही. वर लिहिलं: 'लगबगीनं'.

नेस्टा ऐकून म्हणाली, "खेळकर आहे. पण तिचा नवरा मेलाय ना?"

"तिला अजून खरं वाटत नाहीये," मी म्हणालो.

नेस्टानं औषधाचा चमचा पुढे केला.

६ नोव्हेंबर, बुधवार

मुद्रण. जुन्या चर्चची इमारत, उंच छत, बाहेर धुकं. मागच्या बाकावर निर्माता, मांडीवर टोपी. बाकीचे तुकडे सकाळी सुरळीत झाले. चहाच्या सुट्टीनंतर 'ते चालणं'.

मी वादकांना सांगितलं, अर्ध्याहूनही कमी वेगानं.

सिरिलनं पान वर धरलं. "अरे, इथं तर 'लगबगीनं' लिहिलंय! चूक झाली का लिहिणाऱ्याची?"

"नाही. लगबगच आहे. पण तिला पाय उचलवत नाहीयेत."

कुणी हसलं नाही. सिरिलनं पान खाली ठेवलं आणि ओठ ओले केले.

पडद्यावर बाई चालायला लागली. मी तिच्याकडे बघत हात हलवत होतो. पहिल्या वेळी घाई झाली. दुसऱ्या वेळी व्हायोलिनं रडायला लागली. मी म्हणालो, "रडू नका, तिला घरी कामं आहेत." तिसऱ्या वेळी मला माझा हात जाणवलाच नाही.

वाजवून झाल्यावर मागे निर्माता टोपी फिरवत होता. डेस्मंड काचेपलीकडून बाहेर आला. फेनविकसारखं झालं असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "टाइपरायटर गेले."

मग: "आता खोकला."

वादक जेवायला गेले. मी एकटा ध्वनिग्राहकासमोर उभा राहिलो. आला नाही. काळ्या औषधानं छाती साफ झाली होती. मी ओढूनताणून खोकलो. विननं तो संथ वेगावर वाजवून दाखवला. नाटकात मरणाऱ्या राजासारखा वाटला. पुन्हा केला, आणखी वाईट. जुन्या तबकडीवरचा घ्यावा म्हणून डेस्मंड हटून बसला, पण त्यावर मालकी कंपनीची. खोकला संगीतात धरायचा की नाही हे कुणालाच सांगता येईना.

"सर्दी लावून घ्या," डेस्मंड म्हणाला. "बाहेर धुकं आहे. कोट काढून उभे राहा."

"माझी बायको तुला जिवंत सोडणार नाही."

शेवटी ती जागा तशीच सोडली. किटली टेकते. काही नाही. मग पुढचं दृश्य. डेस्मंड रुसून बसला. मलाही ती रिकामी जागा टोचते. तिथे काहीतरी हवंय हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

जाताना निर्मात्यानं हात मिळवला. त्या बक्षिसं मिळवलेल्या माणसाचं नाव काढलं नाही.

१६ जानेवारी १९६४, गुरुवार

आज चित्रपटाचा पहिला खास खेळ. बाहेर बर्फाळ पाऊस. थेटर ओल्या लोकरीच्या वासानं भरलेलं. नेस्टानं निळा पोशाख घातला होता. नामावलीत माझं नाव आलं तेव्हा तिनं कोपर मारलं, जोरात.

ते चालणं सुरू झाल्यावर मी पडद्याकडे पाहिलंच नाही. लोकांच्या मानांकडे पाहत होतो. एकही हलत नव्हती. माझं संगीत लोक एका जागी बसून ऐकत होते, आणि मला मात्र पुढे येणाऱ्या त्या रिकाम्या जागेची भीती वाटत होती. सूर उतरला, थबकला, खाली गेला. बाईनं किटली ठेवली. शांतता.

आणि आमच्या मागे, अंधारात, एक म्हातारा खोकला. खोल, दबलेला, इतका वेळ धरून ठेवलेला.

पुढच्या रांगेतल्या बाईनं रुमाल काढला. नेस्टानं माझा हात घट्ट पकडला. पलीकडून डेस्मंड माझ्या कानाशी वाकला. "कुणाला बसवलंत तिथे?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "जानेवारी आहे."

दिवे लागल्यावर तो कोण होता हे बघायला मी मागे वळलो. त्या रांगेत सात-आठ म्हातारे मफलर बांधत होते.